पर्जन्यमान आणि वर्षक्रम : जव्हार व मोखाडा तालुक्यांच्या संदर्भात

एखाद्या प्रदेशाच्या शेतीचा विचार करताना तेथे वर्षाकाठी किती पाऊस पडतो, हा प्रश्न प्रथम विचारण्याची रीत आहे. केवळ या कसोटीवर पाहिल्यास पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा हे तालुके महाराष्ट्रातील सुदैवी तालुक्यांत गणावे लागतील. कारण सोलापूरकडील अवर्षणप्रवण भागाच्या कित्येक पट पाऊस येथे पडतो. असे असूनही उन्हाळ्यात याच तालुक्यांतील अनेक पाड्यांवर पिण्याच्या पाण्याची टंचाई भासते; आणि 1992 च्या सुमारास जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणामुळे झालेल्या बालमृत्यूंनी सारे राज्य हादरले होते. या विसंगतीचा उलगडा वार्षिक सरासरीच्या आकड्याने होत नाही. पाऊस कोणत्या महिन्यांत पडतो, भूमी त्याचे काय करते आणि घरातील धान्य केव्हा संपते, या तीन गोष्टी एकत्र पाहिल्यासच तो होऊ शकतो.

प्रथम भूमीचा विचार करू. अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य मोसमी वारे किनाऱ्यालगतचा सखल प्रदेश ओलांडून सह्याद्रीलगतच्या डोंगराळ भागावर चढू लागतात, तेव्हा त्यांतील बाष्प थंड होऊन विपुल वृष्टी होते. ही वृष्टी बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच आटोपते. जमिनीखाली बेसाल्टचा कठीण खडक आहे. त्यात पाणी साठते ते मुख्यत्वे वरच्या झिजलेल्या थरात व भेगांत. आणि हा थर उतारावर पातळ असतो. परिणामी पावसाचे बरेचसे पाणी ओहळांवाटे वैतरणा, पिंजाळ, वाघ या नद्यांत वाहून जाते. जे मुरते तेही झऱ्यांच्या रूपाने काही महिन्यांत बाहेर पडून संपते. पाऊस मुबलक, परंतु साठा तोकडा, अशी ही स्थिती होय.

येथील शेतीपद्धती याच स्थितीतून घडली आहे. सखल खाचरांत भात आणि उताराच्या वरकस जमिनीवर नागली, वरई, उडीद व खुरासणी अशी पिकांची वाटणी असते. उन्हाळ्याच्या अखेरीस झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, गवत व शेण यांचा थर रोपवाटिकेच्या जागेवर जाळतात. यालाच 'राब' म्हणतात. त्यायोगे तणाचे बी नष्ट होते, जमीन भुसभुशीत होते आणि राखेतील क्षार रोपांस मिळतात. पुढे रोपे पुरेशी वाढली की पाऊस पाहून आवणी करावयाची. नागली हलक्या जमिनीत तग धरते, पावसाची उघडीप काही काळ सोसते व कीड न लागता दीर्घकाळ टिकते. तांदळाच्या मानाने तिच्यात कॅल्शियमही कित्येक पटींनी अधिक असते. अनिश्चित हवामानात जोखीम विभागण्याची ही विचारपूर्वक रूढ झालेली योजना आहे. तिला मागासलेपणाचे लक्षण समजणे चुकीचे ठरेल.

तथापि या योजनेची एक मर्यादा आहे. वर्षातून एकच पीक निघते आणि ते हाती येण्यास ऑक्टोबर-नोव्हेंबर उजाडतो. लहान धारणेच्या कुटुंबाचे धान्य त्याआधीच, बहुधा पावसाळ्याच्या आरंभी संपुष्टात येते. नांगरणी, आवणी व निंदणी यांचे सर्वांत कष्टाचे दिवस नेमके हेच. शरीरास अन्नाची गरज सर्वाधिक असते, तेव्हाच ते सर्वांत कमी मिळते. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियाही इरले घेऊन चिखलात उभ्या असतात. दूषित पाण्याचे व तापाचे आजार याच दिवसांत बळावतात. ओहळांना पूर आला की पाड्याचा आरोग्य केंद्राशी संबंध तुटतो. रानातील कंद व भाज्या यांचा आधार असतो. पण तो पुरेसा नसतो. कुपोषणाचा प्रश्न अशा रीतीने ऋतुचक्राशीही निगडित आहे.

पीक निघाल्यावर भुकेची तीव्रता कमी होते, पण पाणी ओसरू लागते. रब्बीस ओल नाही, म्हणून गावात काम नाही. साहजिकच दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. या स्थलांतरात मुलांचे शिक्षण खंडित होते. याच मोखाडा तालुक्यात कोचाळे येथे मध्य वैतरणा धरण उभे असून त्याचे पाणी मुंबईस जाते. पाणी अडविणे या भूमीत अशक्य नाही, ते कोणासाठी अडवावे हाच प्रश्न आहे, हे यावरून स्पष्ट होते.

हवामानबदलाने ही समस्या अधिक बिकट होत आहे. हवेचे तापमान एका अंशाने वाढले की तिची बाष्पधारणक्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. मध्य भारताच्या पट्ट्यात 1950 ते 2015 या काळात विस्तृत अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या, असे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. तेवढाच पाऊस थोड्या दिवसांत पडला, तर या उतारांवर तो मुरण्याऐवजी माती घेऊन वाहून जाईल. आणि दोन सरींमधील उघडीप लांबली तर आवणी रखडेल. वार्षिक सरासरी मात्र पूर्वीइतकीच दिसत राहील.

म्हणून उपायांचे मोजमापही महिन्यांनीच झाले पाहिजे. लहान बंधारे, झऱ्यांचे संरक्षण, उतारावर बांधबंदिस्ती यांनी पाणी मार्च ऐवजी मे पर्यंत टिकले काय? गुजरातेतील वांसदा येथे 1982 मध्ये बाएफ संस्थेने आरंभिलेला आंबा-काजूच्या 'वाडी'चा कार्यक्रम पुढे जव्हार परिसरातही आला. अशा फळबागांमुळे किंवा मोगऱ्याच्या लागवडीमुळे किती कुटुंबांचे स्थलांतर किती महिन्यांनी घटले? जून ते सप्टेंबर या काळात स्वस्त धान्य व पोषण आहार प्रत्यक्ष पाड्यापर्यंत पोहोचतो काय? जव्हार-मोखाड्यात पावसाची उणीव नाही. पाऊस, पाणी, अन्न आणि काम यांचे महिने परस्परांशी जुळत नाहीत. ते जुळविणे हेच येथील नियोजनाचे खरे कार्य होय.