साडी सध्या कुणाकडे आहे?

सुरतेची एक साडी दुकानात घडी होऊन बसण्याआधी किती हातांतून जाते, हे रिंगरोडच्या कापडबाजारातल्या व्यापाऱ्यालाही पटकन सांगता येत नाही. सूत यंत्रमागावर चढतं, ग्रे, म्हणजे कोऱ्या, कापडाचे तागे टेम्पोने निघतात. पांडेसरा, सचिन, कडोदरा, पलसाणा इथल्या एखाद्या मिलमध्ये रंगाई-छपाई होते. मग साड्या कापल्या जातात आणि माल डिंडोली, लिंबायत, उधना या बाजूच्या एखाद्या गाळ्यात एम्ब्रॉयडरीला येतो. तिथून तो घराघरांत जातो, धागे कापायला, खडे चिकटवायला, लेस लावायला. परत फोल्डिंग, पॅकिंग आणि शेवटी पार्सलचा ट्रक. प्रत्येक टप्प्यावर मालक वेगळा, वही वेगळी, मापही वेगळं. मिल मीटरमध्ये बोलते, व्यापारी नगात आणि एम्ब्रॉयडरीवाला हजार टाक्यांच्या भावात.

जळगाव-धुळे-नंदुरबारहून आलेल्या खानदेशी कुटुंबांनी भरलेल्या डिंडोलीत या साखळीचे मधले दुवे राहतात. चार-सहा मशिनांचे गाळे, टेम्पोवाले, शिलाईवाले, घरबसल्या काम करणाऱ्या बाया. ‘सप्लाय चेन डिजिटल करा’ हा सल्ला आता त्यांच्यापर्यंतही पोचला आहे, आणि त्याबरोबर पुष्कळ गैरसमजही. खरं तर या सगळ्या प्रकाराने तीनच प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात. माल आत्ता कुणाकडे आहे, किती आहे आणि कधीपासून आहे?

‘सॉफ्टवेअर घेतलं की काम झालं’

टॅली ही हिशेबाची संगणकप्रणाली १९८६पासून बाजारात आहे आणि सुरतेच्या कापडबाजारात ती वापरणारे हिशेबनीस गल्लोगल्ली सापडतात. म्हणजे सॉफ्टवेअरची वानवा कधीच नव्हती. अडचण अशी, की गाळ्यावरच्या चलनांचा गठ्ठा दहा-पंधरा दिवसांनी हिशेबनिसाकडे जातो आणि तो एका बैठकीत सगळं भरतो. जीएसटीच्या विवरणाला ते पुरतं. पण ‘गुलाबी डिझाइनच्या किती साड्या अजून मशिनवर आहेत’ असं आज कुणी विचारलं तर टॅली गप्प, आणि मालक उठून गाळ्यात मोजायला जातो.

मोठ्यांचीही यात फजिती झाली आहे. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९च्या जुलैत नवी महागडी संगणकव्यवस्था एका दमात सुरू केली. ऐन हॅलोवीनच्या हंगामात दहा कोटी डॉलरच्या घरातल्या ऑर्डरी तिला पोचवता आल्या नाहीत. माल तयार होता, तो दुकानांपर्यंत जाईना. दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या तोंडावर नवी व्यवस्था बसवायला निघालेल्या प्रत्येक गाळेवाल्याने ही गोष्ट लक्षात ठेवलेली बरी. बदल करायचाच तर मंदीच्या दिवसांत, आणि एका पार्टीच्या मालापासून.

‘आमचं सगळं व्हॉट्सअॅपवर आहे’

हे निम्मं खरं आहे, आणि त्या निम्म्याला मी नावं ठेवणार नाही. चलनाचा फोटो माल उतरवताना, तिथल्या तिथे पाठवला गेला तर तो महिनाअखेरीच्या टॅलीपेक्षा मोलाचा. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३नुसार अशी इलेक्ट्रॉनिक नोंद ठरावीक प्रमाणपत्र जोडून कोर्टात पुरावा म्हणून देता येते. जुन्या कायद्यातही तशी सोय होतीच.

पण फोटोंची बेरीज होत नाही. तीनशे फोटोंमधून एका पार्टीचा शिल्लक माल काढायचा तर पुन्हा वही-पेन घेऊन बसावं लागतं. त्याहून मोठी गोम नंबरांची. व्यापाऱ्याचा डिझाइन नंबर एक, मिलचा लॉट नंबर दुसरा, एम्ब्रॉयडरीवाल्याच्या मशिनमधल्या प्रोग्रामचा नंबर तिसरा. माल तोच, नावं तीन. मिलमधून आलेल्या कापडात मीटर कमी भरले, तर ते कुठल्या लॉटचे हे शोधण्यातच भांडणाचा निम्मा वेळ जातो. समजा, १०० मीटर ग्रे गेलं आणि ९३ मीटर परत आलं. सातातले किती मीटर आकसले, किती कुठे गळाले, हे लॉटनिहाय नोंद असेल तरच कळतं. सगळा माल एकत्र धरून काढलेल्या ‘शॉर्टेज’वर फक्त आवाज चढतो.

म्हणून पहिलं काम अॅप निवडण्याचं नाही. माल ज्याच्याकडून निघाला त्याचाच नंबर शेवटपर्यंत चालवायचा, स्वतःचा हवा तर शेजारी लिहायचा. एवढं ठरलं की पुढचं सगळं सोपं होतं.

‘हे मोठ्या कंपन्यांचं, आपल्याला परवडत नाही’

क्यूआर कोड १९९४मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी जन्मला. मासाहिरो हारा यांच्या चमूने तो बनवला आणि कंपनीने पेटंट असूनही तो जगाला मुक्तपणे वापरू दिला. आज तो छापायला कागद आणि वाचायला खिशातला फोन पुरतो. अर्थात मिलमधल्या रंगाच्या पाण्यात स्टिकर टिकत नाही. तिथे ताग्याच्या टोकावर नंबर लिहावाच लागतो, कोड गठ्ठ्यावर आणि चलनावर लावायचा. ज्यांची वार्षिक उलाढाल दीड कोटीपर्यंत आहे अशा करदात्यांसाठी जीएसटी नेटवर्कने २०१९पासून मोफत बिलिंग-हिशेबाची सॉफ्टवेअरं उपलब्ध करून दिली. मालवाहतुकीच्या ई-वे बिलाचं पोर्टल फुकट, लहान उद्योगांची उद्यम नोंदणीही फुकट. तिच्यासाठी पैसे मागणारा एजंट भेटला तर समजून जा.

महाग म्हणजे चांगलं, हेही खरं नाही. मर्स्क आणि आयबीएम या दोन बलाढ्य कंपन्यांनी जहाजमालाच्या कागदपत्रांसाठी ब्लॉकचेनवर ‘ट्रेडलेन्स’ नावाची व्यवस्था उभी केली. नोव्हेंबर २०२२मध्ये ती गुंडाळत असल्याचं त्यांनी जाहीर केलं. तंत्र चालत होतं, पण साखळीतले बाकीचे लोक पुरेशा संख्येने आलेच नाहीत. आपल्या व्यापाऱ्याने, मिलने आणि टेम्पोवाल्याने जे वापरायचं नाही ते घेऊन गाळेवाला एकटा काय करणार?

‘नोंद ठेवली की जीएसटीवाला दारात’

ही भीती खोटी म्हणून उडवून लावता येत नाही. जुलै २०१७मध्ये जीएसटी आला तेव्हा सुरतेच्या कापडबाजाराने कित्येक दिवस शटरं ओढून निषेध केला होता. जुलै २०२५मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या जमा रकमा पाहून लहान दुकानदारांना नोटिसा गेल्या आणि गदारोळ झाल्यावर सरकारला मागे यावं लागलं. पाहणाऱ्याला दिसतं ते दिसतंच.

तरी दोन गोष्टींची गल्लत होते. स्वतःच्या मालाची आवक-जावक नोंदणं आणि सरकारला विवरण देणं, ही वेगवेगळी कामं आहेत. गाळ्यातली एक्सेलची फाइल कुणाकडे आपोआप जात नाही. आणि जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर मजुरीने केलेलं काम, ही सेवा असल्याने तिच्या नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख रुपये मजुरीची आहे. आलेल्या साड्यांची किंमत त्यात धरायची नसते. दुसऱ्याच्या लाखोंच्या मालावर काम करणारा लहान गाळेवाला या मर्यादेच्या आत असू शकतो, पण ‘माझ्याकडे एवढा माल येतो’ म्हणून उगाच घाबरतो. जॉबवर्कला गेलेल्या मालाचं आयटीसी-०४ हे विवरणही माल पाठवणाऱ्याने भरायचं असतं, काम करणाऱ्याने नाही. तसंच ई-इनव्हॉइसचं. ऑगस्ट २०२३पासून तिची मर्यादा पाच कोटींच्या उलाढालीवर आली, त्याखालच्यांना ती बंधनकारक नाही.

उलट बाजूचाही गैरसमज आहे. गुजरात सरकारने सप्टेंबर २०१८मध्ये शहरांतर्गत वाहतुकीला आणि जॉबवर्कच्या कापडाला जवळच्या अंतरासाठी ई-वे बिलातून सूट दिली, त्याचा अर्थ काहींनी ‘कागदच नको’ असा लावला. डिलिव्हरी चलनाचा नियम त्याने सुटत नाही. क्रमांक, तारीख, मालाचं वर्णन, नग, सही हे सगळं लागतंच, आणि प्रती तीन.

‘चलन सरकारसाठी असतं’

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हा. डिंडोलीतल्या जॉबवर्कवाल्याला विचारा, पैसे कधी मिळतात? ‘पार्टी देईल तेव्हा.’ आणि देतानाही कापून. ‘चार साड्यांना डाग होता’, ‘काम बारीक नव्हतं’, हे माल नेल्यावर दोन महिन्यांनी ऐकायला मिळतं.

एमएसएमईडी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास, कायदा २००६चा आहे, आणि त्यात यावर चक्क उत्तर लिहून ठेवलेलं आहे. माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत घेणाऱ्याने लेखी हरकत घेतली नाही, तर ज्या दिवशी माल पोचला त्याच दिवशी तो स्वीकारला असं धरलं जातं. त्या दिवसापासून पैशांची मुदत सुरू होते. लेखी करार नसेल तर पंधरा दिवस, असेल तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. तक्रारीसाठी ‘समाधान’ पोर्टल २०१७मध्ये सुरू झालं. त्यात आर्थिक वर्ष २०२३-२४पासून प्राप्तिकर कायद्याच्या ४३ बी (एच) तरतुदीची भर पडली. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत, तर घेणाऱ्याला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच वजा करून मिळतो. २०२४च्या सुरुवातीला रिंगरोडवर याच्यावरूनच खळबळ उडाली होती.

या सगळ्याचा आधार एकच आहे, माल पोचल्याची तारीख आणि नग. तेच वहीत गिचमिड अक्षरात असेल किंवा चलनावर पार्टीच्या माणसाची सही नसेल, तर कायदा कितीही चांगला असून उपयोग शून्य. माल उतरवताना काढलेला सहीसकट चलनाचा फोटो, नंबर, नग आणि वेळेसह, एवढं जरी प्रत्येक खेपेला झालं तरी पंधराव्या दिवशी गाळेवाल्याच्या हातात काहीतरी असतं.

दोन अटी मात्र विसरू नयेत. आधी उद्यम नोंदणी हवी. आणि हे संरक्षण उत्पादन किंवा सेवा करणाऱ्यांसाठी आहे. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्यांना २०२१पासून उद्यम नोंदणी मिळते ती बँकांच्या प्राधान्य कर्जापुरती. शिवाय कायदा दाखवला की पार्टी पुढचं काम दुसऱ्याला देते, हेही डिंडोलीतल्या कुणाला सांगायला नको. म्हणून बहुतेक जण तक्रार करत नाहीत. पण हिशेबाला बसताना तारखा समोर असल्या की कापाकापी कमी होते.

टीआरईडीएस नावाची बिलं वटवण्याची व्यवस्थाही अलीकडे उत्साहाने सुचवली जाते. ती चांगली आहे, पण तिथे घेणाऱ्यानेही बिल मान्य करावं लागतं, आणि नोंदणीची सक्ती आहे ती २५० कोटींवरच्या उलाढालीच्या कंपन्यांना. रिंगरोडवरच्या भागीदारी पेढीला माल देणाऱ्या गाळेवाल्याने तिच्या भरवशावर राहू नये.

‘ऑनलाइन आलं, आता दलाल संपला’

नाही संपला. १ ऑक्टोबर २०२३पासून जीएसटी नोंदणीच्या मर्यादेखालच्या विक्रेत्यांना नोंदणीशिवाय, राज्यातल्या राज्यात, ई-कॉमर्सवर माल विकता येतो आणि ती सोय खरी आहे. पण दलाल नुसता गिऱ्हाईक आणत नाही. कानपूरची कुठली पार्टी पैसे बुडवते, हे त्याला ठाऊक असतं. ऑनलाइनवर अशा बुडव्या पार्टीची जागा परत येणाऱ्या पार्सलांनी भरली आहे. परतीची साडी मोजून, घडी घालून, पुन्हा साठ्यात घेणं ही एक वेगळीच आवक आहे, आणि तिची नोंद न ठेवणाऱ्याचा नफा तिथेच जिरतो.

‘बाया कुठे मोबाइलवर हिशेब ठेवणार?’

दुपारी डिंडोलीतल्या एखाद्या चाळीत जा. स्कूटरवर पोऱ्या येतो, साड्यांचा गठ्ठा उंबऱ्यात टाकतो, खिशातल्या डायरीत आकडा लिहितो आणि निघतो. मावशी कामात असते, मोजायला वेळ नसतो. संध्याकाळी ती मोजते आणि पोरीच्या जुन्या शाळेच्या वहीत लिहिते. आठवड्याने गठ्ठा न्यायला आल्यावर त्याच्या डायरीत साठ. ती म्हणते, ‘भाऊ, मन्ही वहीमा अठ्ठावन शेतस.’ धागे कापण्याची मजुरी साडीमागे मोजक्या रुपयांची, आणि हरवलेल्या दोन साड्यांची किंमत अख्ख्या गठ्ठ्याची मजुरी गिळू शकते. वाद तिथेच मिटतो, कारण पुढचा गठ्ठा त्याच्याच हातात असतो.

ही बाई यूपीआयने भाजी घेते, गावाकडच्या लग्नाचे व्हिडिओ पुढे पाठवते, पोराच्या शाळेचा गृहपाठ फोनवर पाहते. असंघटित कामगारांसाठी ऑगस्ट २०२१मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम पोर्टलवर घरबसल्या केलेल्या कामावर पोट असणाऱ्या अशा बायांनाही नाव नोंदवता येतं. तेव्हा शिकण्याची अडचण नाही. गठ्ठा उंबऱ्यात ठेवतानाच दोघांनी मिळून मोजला आणि ‘साठ, लॉट अमुक’ असा मेसेज दोन्ही फोनांवर राहिला, तर नंतर त्याला अठ्ठावनचे साठ करता येत नाहीत आणि तिलाही साठचे अठ्ठावन म्हणता येत नाही.

खरा विरोध इथे आहे, आणि तो साखळीभर आहे. धूसर हिशेबात ज्याचा हात वर असतो त्याला तो धूसरच बरा वाटतो. मिलला शॉर्टेजमध्ये, व्यापाऱ्याला कापाकापीत, गाळेवाल्याला गठ्ठ्यात. व्यापाऱ्याकडून तारखेनिशी सही मागणारा गाळेवाला मावशीला आकडा लेखी द्यायला मात्र कां-कूं करतो. सही मागायची हिंमत रिंगरोडवर जेव्हा होईल तेव्हा होईल. उंबऱ्यातला गठ्ठा दोघांनी मोजायला कुणाची परवानगी लागत नाही.