माथेरानची छोटी आगगाडी : दोन फुटी रुळांचे शतक

रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील माथेरान हे समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरील गिरिस्थान होय. ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० साली या पठाराची पाहणी केली आणि पुढील काही वर्षांतच ते मुंबईकरांचे विसाव्याचे ठिकाण बनले. मुंबई-पुणे लोहमार्गावरील नेरळपर्यंतचा प्रवास आगगाडीने सुकर झाला होता. मात्र तेथून वर जाण्यास घोडा, पालखी किंवा पायवाट यांखेरीज साधन नव्हते. नेरळ व माथेरान यांच्या उंचीतील सुमारे साडेसातशे मीटरचा फरक हा खरा अडसर होता.

खाजगी पुढाकारातून उभारणी

हा अडसर दूर करण्याचे काम मुंबईतील उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने अंगावर घेतले. त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या देखरेखीखाली १९०४ मध्ये कामास प्रारंभ झाला आणि मार्च १९०७ मध्ये मार्ग वाहतुकीस खुला झाला. या कामी सुमारे १६ लाख रुपये खर्च आला. ही रक्कम त्या काळात फार मोठी होती. आखणीच्या कामी एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याच्या अनुभवाचा उपयोग झाला. बार्शी लाइट रेल्वेमुळे हे नाव महाराष्ट्रास परिचित आहे.

अरुंद रूळ कशासाठी?

या मार्गाच्या दोन रुळांमधील अंतर अवघे दोन फूट आहे. मुख्य लोहमार्गावर ते साडेपाच फूट असते. रूळ जितके जवळ, तितके वळण अधिक तीव्र घेता येते आणि डोंगर कमी फोडावा लागतो. उभ्या कड्यांच्या या प्रदेशात हाच विचार निर्णायक ठरला. सुमारे २१ किलोमीटरच्या मार्गावर बोगदा एकच आहे. नालाकृती वळणे घेत, डोंगराच्या कडेकडेने मार्ग वर जातो. कमाल चढ २० फुटांस १ फूट असा आहे. रुळांना दाते नसताना केवळ चाकांच्या पकडीवर एवढा चढ चढणे ही सोपी गोष्ट नव्हे. त्यामुळे वेगही ताशी २० किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो. जुम्मापट्टी, वॉटर पाइप व अमन लॉज ही वाटेतील स्थानके होत.

एवढ्या तीव्र वळणांवर सामान्य इंजिन चालत नाही. इंजिनाच्या तीन आसांवरील चाके दांड्यांनी एकमेकांस जोडलेली असतात. त्यामुळे सर्व आस समांतर राहतात आणि वळणावर पुढची व मागची चाके रुळांस घासतात. जर्मनीतील ओरेनस्टाइन अँड कोपेल या कारखान्याने बनविलेल्या चार वाफेच्या इंजिनांत यावर उपाय योजला होता. पहिला व शेवटचा आस पोकळ नळीसारखा असून त्याच्या आत दुसरा आस बसविलेला होता. आतील आस दांड्यांच्या जोरावर फिरे. मध्यभागच्या गोलाकार सांध्यामुळे बाहेरील पोकळ आस चाकांसह थोडा वळू शके. इंजिनाची शक्ती कायम राहून चाके वळणाशी जुळवून घेत. १९५० च्या दशकात डिझेल इंजिने आली आणि १९८० च्या दशकात वाफेची इंजिने निवृत्त झाली. त्यांपैकी एक नेरळ येथे जतन करण्यात आले आहे.

पावसाशी सामना

या मार्गाची खरी कसोटी चढावर नव्हे, तर पावसात लागते. सह्याद्रीच्या उतारावरून लोटणारे पाणी मार्गाखालील खडी व भराव वाहून नेते. म्हणूनच पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज ही वाहतूक बंद ठेवण्यात येते. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्गाची मोठी हानी झाली आणि शताब्दीच्या वर्षी, म्हणजे २००७ मध्ये, तो पुन्हा सुरू झाला. मे २०१६ मध्ये गाडी रुळावरून घसरण्याच्या घटना घडल्याने सेवा थांबविण्यात आली. सुरक्षिततेचे उपाय योजून जानेवारी २०१८ मध्ये नेरळपासूनची वाहतूक पूर्ववत झाली. २०१९ च्या पावसाने मार्ग पुन्हा उखडला. त्यानंतर ऑक्टोबर २०२२ मध्ये तो खुला झाला. बंद असलेल्या या वर्षांची झळ केवळ पर्यटकांस बसली असे नाही. गावातील दुकानदार, उपाहारगृहे, घोडेवाले व हमाल यांच्या उपजीविकेशी या गाडीचा थेट संबंध आहे.

वाहनबंदी आणि गाडीचे महत्त्व

माथेरानमध्ये खाजगी मोटारींना प्रवेश नाही. त्या दस्तुरी नाक्यापाशीच थांबतात. केंद्र शासनाने २००३ मध्ये या परिसरास पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केले. वनराई व स्वच्छ हवा टिकली ती या निर्बंधामुळे. परंतु मोटारीस मज्जाव केला म्हणजे माणसांची व मालाची ने-आण थांबत नाही. तो भार घोड्यांवर आणि माणसाच्या खांद्यावर येतो. हातरिक्षा ओढण्याची प्रथा मानवी प्रतिष्ठेशी विसंगत असल्याचे स्पष्ट करून सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला, तो याच प्रश्नातून. अशा ठिकाणी अमन लॉज ते माथेरान धावणारी गाडी ही केवळ मौजेची वस्तू राहत नाही, ती सार्वजनिक सेवा ठरते.

दार्जिलिंग, निलगिरी व कालका-शिमला या डोंगरी रेल्वेंना अनुक्रमे १९९९, २००५ व २००८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. माथेरानच्या रेल्वेचे नाव संभाव्य यादीत आहे. तथापि वारशाची खरी जपणूक नामफलकाने होत नाही. चर वेळेवर मोकळे करणे, उतारावरील झाडी राखणे, सैल दगड पावसापूर्वी हटविणे आणि संरक्षक भिंती शाबूत ठेवणे या साध्या कामांवरच दोन फुटी रूळ जागेवर राहतात. डोंगराळ भागातील प्रत्येक रस्त्यास, बंधाऱ्यास व पाणीयोजनेस हाच नियम लागू आहे. उभारणी एकदाच होते, देखभाल मात्र दरवर्षी करावी लागते.