उजनीचा हलता काठ आणि शाळा

उन्हाळ्यात भीमा नदीवरच्या उजनी धरणाचं पाणी ओसरलं, की पळसदेवजवळ पळसनाथाचं जुनं मंदिर उघडं पडतं. ते पाहायला माणसं लांबून येतात. पण भीमेच्या पोटात नुसतं देऊळ नाही. तिथे गावांचे पार आहेत, चावड्या आहेत आणि मुलं पाढे म्हणत बसायची त्या जागाही आहेत. १९६६ साली यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली, १९८० साली धरण पूर्ण झालं आणि इंदापूरच्या भीमाकाठची घडी विस्कटली. त्यानंतरच्या चार दशकांत इथल्या मासेमारांच्या मुलांपर्यंत शाळा किती पोचली, याचा हा मागोवा.

शेजारच्या बारामतीला पाणी आलं ते कालव्यातून. १८८५ साली नीरा डावा कालवा सुरू झाला. त्यावर ऊस उभा राहिला, उसावर कारखाने आले आणि त्यांच्या मागोमाग शिक्षणसंस्था. १९७२ साली विद्या प्रतिष्ठान स्थापन झालं. भीमेच्या अंगाला मात्र पाणी आलं ते घरं बुडवत. ज्यांना पाइपलाइन टाकता आली, त्यांचा ऊस उभा राहिला. ज्यांच्या हाती जाळंच होतं, त्या भोई-कोळ्यांनी आणि पोटासाठी परमुलखातून आलेल्या कुटुंबांनी पाण्यालगत पालं टाकली.

इथली शाळा समजून घ्यायची तर आधी हे पाणी समजून घ्यावं लागतं. धरणात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं जवळजवळ ५४ टीएमसी वापरासाठी सोडलं जातं, उरलेलं मृतसाठ्यात राहतं. हे आकडे पाटबंधारे खात्याचे असले, तरी शाळेच्या हजेरीपटावरही ते उमटतात. सपाट माळावर पाणी थोडं उतरलं तरी काठ कुठच्या कुठे सरकतो. काठामागे होडी जाते, होडीमागे पाल आणि पालासोबत मूल. शाळा मात्र बांधली तिथेच राहते. त्यात संध्याकाळी लावलेली जाळी पहाटे ओढायची, मासे सोडवायचे, माल भिगवणच्या किंवा इंदापूरच्या बाजारात पोचवायचा. घरातल्या मोठ्या मुलीने तेवढ्यात धाकट्याला सांभाळायचं. शाळेची घंटा नेमकी याच धावपळीत वाजते. काठावरचं पोर शाळेत येत नाही, याला पुष्कळदा आईबापांची अनास्था म्हटलं गेलं. खरं तर शाळेची वेळ आणि पाण्याची वेळ कधी जुळलीच नव्हती.

ती जुळवण्याचे प्रयत्न तुकड्या-तुकड्यांनी झाले. नव्वदच्या दशकात दुर्बल घटकांतल्या मुलींना हजेरीसाठी दिवसाला १ रुपया भत्ता सुरू झाला. १९९५ साली पोषण आहार आला. तेव्हा महिन्याला ३ किलो तांदूळ घरी मिळत. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्न द्यायला सांगितलं आणि पुढे शाळेत खिचडीचं पातेलं चढलं. पहाटेपासून काठावर राबलेल्या घरात दुपारच्या त्या गरम घासाचं मोल फार होतं. त्याच सुमाराला वस्तीशाळा निघाल्या. शाळा पोराकडे चालत गेली, ती या टप्प्यावर. तुटपुंज्या मानधनावर झाडाखाली, समाजमंदिरात वर्ग भरवणाऱ्या निमशिक्षकांना नियमित सेवेत यायला २०१४ साल उजाडलं. वाड्यावस्त्यांवर अक्षर पोचलं, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला. प्राथमिक शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत हवी, जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही, व्यवस्थापन समितीत पाऊण हिस्सा पालकांचा आणि निम्म्या महिला, असं त्याने ठरवलं. कागदपत्रं नसलेल्या, आज इथे तर उद्या तिथे राहणाऱ्या कुटुंबांना यातला दाखल्याचा मुद्दा सगळ्यांत मोलाचा. स्थलांतर करणाऱ्या मुलाला नव्या ठिकाणच्या शाळेत दाखल होता यावं म्हणून शिक्षण हमी पत्रकही आलं. २०१५ नंतर ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या काळात भिंती रंगल्या, लोकवर्गणीतून संगणक, टीव्ही आले. रंगवलेली भिंत मलाही आवडते. पण चिलापी, कटला, मरळ, वाम ही नावं ज्याच्या जिभेवर आहेत, किलोचा भाव जो तोंडी सांगतो, त्या मुलाला गणितात कच्चा ठरवणं जिथे थांबलं, तिथे शाळा खरी सुधारली असं मी मानतो. वजन, बर्फ, डिझेल, व्यापाऱ्याची उचल हा सगळा हिशेब त्याच्या घरातच आहे. शिक्षकाने तो फळ्यावर घ्यायचा असतो.

शिक्षणाची फळंही काठावर दिसतात. हिवाळ्यात कुंभारगाव, डिकसळकडे रोहित पक्षी उतरतात. त्यांना पाहायला येणाऱ्यांना होडीतून नेणारे अनेक तरुण मासेमारांच्याच घरांतले आहेत. पक्ष्यांची नावं वाचून, पाहुण्यांशी बोलून त्यांनी जाळ्याला दुसऱ्या मिळकतीची जोड दिली.

तरी वाटेत खड्डे पडलेच. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, शिक्षण मोबाइलवर गेलं आणि ज्या पालावर वीजच नाही तिथलं पोर पुन्हा जाळ्याकडे वळलं. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळात उलटली, सहा जण गेले, त्यांत दोन चिमुकली होती. पाण्यावर जगणाऱ्या मुलांच्या शाळेत पोहणं आणि लाइफ जॅकेट हे विषय पाढ्यांइतकेच सक्तीचे हवेत. आता कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याची भाषा निघते. काठावरच्या वस्तीला तिचा अर्थ एवढाच, की शाळा पुन्हा लांब जाणार.

उजनीत वडाप जाळ्यांविरुद्ध मासेमार स्वतः आवाज उठवत आले आहेत. बारीक आसाच्या त्या जाळ्यात बोटुकली सापडते आणि पुढच्या वर्षीचा मासाच संपतो. लहान मासा वाढेपर्यंत सोडून द्यावा, हे शहाणपण त्यांना कुणी शिकवावं लागलेलं नाही. तेच पोराच्या बाबतीत जमायचं, तर तेवढी वर्षं घर चालेल अशी साथ त्यांना द्यावी लागेल.

दर मार्चला काठ सरकू लागतो. त्या आठवड्यात शिक्षकांनी आणि व्यवस्थापन समितीने पट हातात घेऊन पाण्यापर्यंत चालत जावं, कोणतं पाल कुठे हललं ते लिहून घ्यावं आणि त्या पोराचं हमी पत्रक त्याच्या आईच्या हाती द्यावं. याला निधी लागत नाही. चाळीस वर्षांत शाळा जिथे जिथे सुधारली, तिथे कुणीतरी अशीच पायपीट केली होती.