खिशातला चाकू : जुना जपा, कलमाचा वेगळा ठेवा



बंडीच्या खिशात नाहीतर कमरेच्या करदोट्याला घडीचा चाकू नाही, असा जुना शेतकरी विरळाच. सुतळी कापायची, खताच्या गोणीची शिवण उसवायची, बैलाच्या दाव्याची गाठ सुटेना तर तोडायची, कैरी चिरायची, कलमाचा डोळा काढायचा; सगळ्याला तोच एक. सोय म्हणून हे ठीक. पण ज्यांची संत्र्या-मोसंबीची किंवा डाळिंबाची बाग आहे, त्यांनी इथं जरा थांबावं. एका झाडाचा रोग त्याच पात्यावरून बागभर फिरतो.

आधी संत्र्याचं बघू. आपल्याकडे संत्र्याचा डोळा बहुधा जंबेरीच्या नाहीतर रंगपूर लिंबाच्या खुंटावर भरतात. एक्झोकॉर्टिस म्हणून एक रोग आहे. जंबेरीवरच्या झाडात तो असला तरी वरून सहसा दिसत नाही, झाड हिरवंगार. त्या झाडाचा डोळा काढला आणि तोच चाकू पुढच्या खुंटांना लावत गेलं, की रोगही सोबत जातो. खुंट रंगपूरचा असला तर पुढं काही वर्षांनी त्याची साल भेगाळते, झाड खुजं राहतं. लागलेल्या झाडाला औषध नाही. पातं काडीच्या ज्योतीवरून फिरवलं किंवा स्पिरिटनं पुसलं की झालं, असं समजणारे पुष्कळ आहेत. हा रोग त्या दोन्हींना दाद देत नाही. उलट पातं जास्त तापलं तर त्याचं पाणी मात्र उतरतं, मग धार टिकत नाही.

यावर उपाय सोडियम हायपोक्लोराइटच्या एक टक्का द्रावणाचा. बाटलीवर पाच टक्के लिहिलं असेल तर एक भाग औषध नि चार भाग पाणी. रोज ताजं करावं, प्लॅस्टिकच्या डब्यात घ्यावं, आणि संडास धुण्याच्या ॲसिडात चुकूनही मिसळू नये. विषारी वायू निघतो. डाळिंबावरच्या तेल्यासाठीही छाटणीची कात्री नि चाकू झाडागणिक याच द्रावणात बुडवावेत. सोयीचं असं की चाकू दोन ठेवावेत. एक हातात, एक डब्यात. झाड बदललं की चाकू बदलायचा. आता हे द्रावण लोखंड खातं, म्हणून काम संपल्यावर दोन्ही साध्या पाण्यानं धुऊन, कोरडे पुसून, पात्याला नि बिजागरीला खोबरेलाचा थेंब लावावा. दुसऱ्या दिवशी डोळा भरण्याआधी ते तेल स्वच्छ पुसून टाकायचं, सालीत तेल जाता कामा नये.

कलमाचा चाकू गोणीला, सुतळीला लावू नये. त्याची धार एकाच अंगानं असते, दुसरं अंग सपाट, त्यामुळं काप सरळ बसतो. निसण्यावर पाणी टाकून धारेच्या अंगानंच घासावा. सपाट अंग फक्त शेवटी एक-दोनदा निजवून फिरवायचं, पलटलेली कड निघण्यापुरतं. साध्या चाकूला दोन्ही अंगांनी धार लावायची, पाठ दगडापासून रुपयाच्या दोन नाण्यांइतकी उचलून. विजेच्या चाकावर धार लावून घेताना उभं राहून बघावं. पातं निळसर झालं की समजा, तेवढ्या जागेचं पाणी गेलं. चांगला धारवाला मधूनमधून पाण्यात बुडवतो.

आता जुन्या चाकूंबद्दल. आजोबांचा चाकू काळा पडला म्हणून भंगारवाल्याला देण्याची घाई करू नका. जुनी पाती बहुतेक साध्या पोलादाची. त्यांना गंज लवकर धरतो, पण धार निसण्यावर चटकन येते. लिंबाच्या, कैरीच्या रसानं आलेला काळसर रंग हा गंज नव्हे, तो राहू द्यावा. तांबडा गंज तेवढा रॉकेलच्या बोळ्यानं नि बारीक राखेनं काढावा. पात्याच्या बुडाशी कारागिराचा किंवा कारखान्याचा ठसा असतो, तो घासून घालवू नये. चाकू कुठला, कुणी केला, हे सांगणारी खूण बहुधा तेवढीच असते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात घराघरांतले जुने अडकित्ते जपून ठेवले आहेत, ते बघितले म्हणजे आपल्या चंचीत काय मोलाचं होतं ते कळतं. चाकू बहुधा झिजेपर्यंत वापरले गेले नि फेकले गेले, म्हणून जुने फार उरले नाहीत. घरात दोन-चार निघाले तर कोणाचा, कुठून घेतला, एवढं चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावं. चामड्याच्या म्यानात कायमचे ठेवू नयेत, चामड्यातल्या क्षारांनी पातं गंजतं. तेलाचा हात लावून कोरड्या सुती कापडात गुंडाळावेत. खंडेनवमीला हत्यारं पुजायला काढतोच, तेव्हा हेही काढावेत. मूठ हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची असली तर मात्र ती विकू नका, विकत घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्या व्यापाराला बंदी आहे. बाळगण्याबद्दल वनखात्यात विचारून घ्यावं.

चाकू खिशात नेताना घडी पक्की बसते ना ते बघा. ढिली झाली असेल तर बिजागरीची खिळी ठोकून घ्या. दोरीनं बांधलेला बरा, कारण कडब्यात पडलेला चाकू कुट्टीच्या यंत्रात जातो, मग यंत्राचं पातं तुटतं नि माणसाच्या जिवावर बेततं. कापताना धार अंगाकडे नको. हाताला लागलंच तर जखम साबणानं धुऊन धनुर्वाताच्या सुईबद्दल दवाखान्यात विचारावं, मातीतल्या कामात हे टाळू नये.

राहिली कायद्याची बाब. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्र परवान्याच्या नियमांत येतात, मात्र घरकामाची नि शेतीची म्हणून केलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. खिशातला घडीचा चाकू या मापात येतच नाही. पण निवडणूक, सण किंवा तणाव असला की १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली बंदी-आदेश निघतात, त्यांत चाकू नि काठ्यासुद्धा येऊ शकतात. असा आदेश असेल त्या दिवशी बाजाराला जाताना चाकू घरी ठेवावा, नाहीतर एस.टी. स्टँडवर झडती झाली की दिवस पोलीस चौकीत जायचा.