सूक्ष्मदर्शकातले चित्र धूसर का दिसते?

मुलांनो, कांद्याचा पापुद्रा धूसर दिसला, तर आधी घाण कुठे आहे ते शोधा. स्लाइड सरकवा, डाग सरकला तर तो स्लाइडवर. डोळ्याजवळचे भिंग फिरवा. डाग फिरला तर तो तिथे. खालच्या भिंगांपैकी एकातूनच धूसर दिसते? मग तेच मळले आहे. बहुधा ४० पटीचे! ते स्लाइडपासून एक मिलिमीटरहूनही कमी अंतरावर येते, म्हणून त्याला पाणी, तेल लागते.

प्रथम रबरी फुग्याने धूळ उडवा. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. मग लेन्सपेपरला भिंग पुसण्याच्या द्रवाचा थेंब लावून मधून कडेकडे हलकेच गोल पुसा. शर्टाने कोरडे घासल्यास धुळीच्या कणांनी कायमचे चरे पडतात. आणि पालकहो, भिंग खोलू मात्र नका!