पंधरा तारीख

सकाळी सात. चहाच्या आधी बँकेची शिल्लक बघते. आज मंगळवार, 15 जुलै 2025. महिन्यातल्या दोन तारखांना मी वर्तमानपत्र बाजूला ठेवते: सात आणि पंधरा. सातला पगारातून कापलेला आयकर भरायचा, पंधराला पीएफ आणि ईएसआय. खात्यात एक लाख अडुसष्ट हजार आहेत. त्यातले 93,800 आज जाणार. उरलेल्यांवर स्टीलवाल्याचा डोळा आहे आणि त्याचंही काही चुकत नाही.

साडेआठला तात्यापाऱ्यातून निघतो. फाफाडीह, भनपुरी, मग ट्रकांच्या मागे मागे उरला. आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप सासऱ्यांनी काढलेलं. गेट, शेड, पाण्याच्या टाक्या. चोवीस माणसं पगारावर. माल आणि कारागीर नवरा बघतो, कागद माझ्याकडे.

नऊ. हजेरीचं रजिस्टर. काल सावनचा पहिला सोमवार होता, निम्मे लोक महादेवघाटाला हटकेश्वराच्या दर्शनाला जाऊन उशिरा आले. आमच्या घरी अजून आषाढच चालू आहे. त्यांचा महिना पौर्णिमेनंतर लागतो, आमचा अमावस्येनंतर. श्रावणाला दहा दिवस बाकी. एक वेल्डर दारात उभा राहून विचारतो, "मैडम, हरेली मा छुट्टी हे ना?" हरेली 24 तारखेला. त्याच दिवशी आमची दिव्यांची अवस, म्हणजे सुट्टी मलाही हवीच आहे. "है," म्हणते, आणि तो बाकीच्यांना सांगायला पळतो.

साडेनऊपासून खरं काम. पीएफची फाइल नेहमी सकाळीच चढवते. संध्याकाळी सगळ्या शहराचे मालक एकदमच जागे होतात. ही फाइल म्हणजे साधा मजकूर: एका माणसाची एक ओळ, आणि दोन आकड्यांच्या मध्ये स्वल्पविराम नाही तर हॅश, टिल्ड, हॅश. एक चिन्ह गळलं तर ओळ नापास. हिशेबाचा मुलगा या चिन्हांना कुंपण म्हणतो.

जूनचं पीएफचं वेतन 3,24,000. कामगाराचे 12 टक्के, 38,880. आमचे 12 टक्के, तेवढेच. पण ते एका जागी जात नाहीत. 8.33 टक्के पेन्शनला, उरलेले 3.67 त्याच्या पीएफ खात्यात. शिवाय विम्याचा अर्धा टक्का आणि प्रशासनाचा अर्धा, दोन्ही आमच्या खिशातून, 1,620 आणि 1,620. बेरीज बरोबर 81,000. वेतनाचा चौथा हिस्सा. नवीन गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं की मला ही बेरीज त्याच्यापुढे ठेवावीशी वाटते.

एक ओळ अडकते. जूनमध्ये लागलेल्या हेल्परचं नाव आधारवर एका अक्षराने वेगळं आहे. कंपनीत नाव काय सांगतो याला अर्थ नाही, आधारवर काय आहे तेच चालतं. त्याला बोलावून कार्ड मागते, तसंच लिहिते. ओळ पास.

अकरा. पोह्यांचा पुडा येतो, वर शेव आणि कच्चा कांदा. तो खात ईएसआय. इथे कामगाराचे पाऊण टक्का, आमचे सव्वातीन. 2019 च्या जुलैपासून हाच दर. पगार 21,000 च्या आत असलेल्यांनाच लागू, पण एक मेख आहे. आमच्या फिटरला जूनपासून 21,500 केले. म्हणून तो लगेच बाहेर जात नाही. एप्रिल ते सप्टेंबर हा एक काळ धरतात आणि तो संपेपर्यंत कापावंच लागतं. त्याला वाटलं मी उगाच कापतेय. समजावलं की बायकोचं बाळंतपण याच कार्डावर निघायचं आहे. मग तो हसला. एकूण 12,800, त्यातले त्यांचे 2,400.

बारा वाजता बँकेचा ओटीपी येतो आणि इथे मी दर महिन्याला क्षणभर थांबते. गिऱ्हाइकाकडे आमची तीन बिलं अडकली आहेत. छोट्या उद्योगाचे पैसे 45 दिवसांत द्या, नाहीतर ते दिले जाईपर्यंत खर्चात धरणार नाही, असं आयकर कायदा 2024 पासून मोठ्यांना सांगतो. ते ऐकतात असं नाही. मग आपणच का वेळेवर, असं मन म्हणतंच.

पण हे 93,800 एकाच जातीचे नाहीत. 41,280 कामगारांचे आहेत. त्यांच्या पगारातून काढून आम्ही ठेवलेले. ते आमच्या खात्यात दिसतात एवढंच. कायद्यानेही हा भेद केला आहे आणि मला तो पटतो. मालकाचा स्वतःचा हिस्सा उशिरा भरला तरी आयकराचं विवरणपत्र भरायच्या मुदतीआधी भरला असेल तर खर्चात धरतात. कामगाराचा हिस्सा मात्र पंधराच्या एक दिवस पुढे गेला की कायमचा मालकाचं उत्पन्न. चेकमेट सर्व्हिसेसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 12 ऑक्टोबर 2022 ला हे पक्कं करून टाकलं. आमच्या भागीदारीला 30 टक्के कर आणि वर उपकर, म्हणजे 41,280 वर जवळजवळ 12,900 रुपये, तेही ते पैसे भरूनसुद्धा. आमचे सीए म्हणतात, "भाभीजी, उधार किसी से भी ले लो, मज़दूर से मत लो." ओटीपी टाकते. दोन्ही चलनं प्रिंट करून फायलीत.

जेवणानंतर ठेकेदार येतो. लोडिंगची माणसं त्याची, पण त्यांचा पीएफ त्याने बुडवला तर वसुली आमच्यावर येते. म्हणून त्याचं चलन बघितल्याशिवाय बिल पास होत नाही. तो चलन आणायला विसरलाय. बिल ड्रॉवरमध्ये.

तीन. टीडीएस. एप्रिल ते जूनचं 24क्यू 31 जुलैपर्यंत जायला हवं. सगळ्या वर्कशॉपमध्ये आयकर फक्त प्रॉडक्शन इंजिनियरचा कापतो. पगार 13,20,000, 75,000 वजा केले की 12,45,000. नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत काही नाही. दरानुसार त्याचा कर 66,750 होतो, पण बारा लाखांवर कमावले 45,000 आणि कर त्याहून जास्त, असं चालत नाही. म्हणून 45,000, उपकर धरून 46,800, महिन्याला 3,900. त्याने स्वतः कागदावर मांडून पाहिलं आणि मान्य केलं.

एका माणसासाठी तीन चलनं, चार फाइली, सीएंची फी. मला हे जास्तच वाटतं. पण 30 जूनला कापलेला कर सातऐवजी आठ जुलैला भरला तर जून आणि जुलै असे दोन महिने धरून 3 टक्के व्याज. विवरणाची मुदत चुकली तर दिवसाला 200; आमच्या 11,700 वर दोन महिन्यांत शुल्क कराला गाठतं. तेव्हा मी चलनांचे नंबर दोनदा ताडून सीएंना पाठवते.

पाच. नागपूरहून नणंदेचा फोन. तिचा प्रिंटिंग प्रेस आहे. तिला वर व्यवसाय कर: महिन्याला 200, फेब्रुवारीत 300. इथे तो नाही. "तुमचं बरं आहे," ती म्हणते. मी ठेकेदाराचं सांगते, मग ती तिच्या ठेकेदाराचं.

सहा वाजून गेल्यावर एका गिऱ्हाइकाचे साठ हजार जमा होतात. नवरा खुशीत येऊन विचारतो, प्लाझ्मा कटरची दुरुस्ती करून घेऊ का. स्टीलवाल्याला चाळीस देऊ, म्हणते. बाकीच्याला हात लावू नको, वीसला जीएसटी आहे.