चौदा डिस्कचं काम दोन डिस्क करतील का?

जुना सर्व्हर बदलायचा ठरला की खरेदीच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. जुन्या खोक्यात 73 जीबीच्या चौदा डिस्क, सगळ्या मिळून जेमतेम 1 टीबी. आता एकेक डिस्क 20 टीबीची मिळते. मग दोन घेतल्या की भागलं ना? जागेपुरतं पाहिलं तर भागलं. पण सर्व्हर अडतो तो बहुधा जागेपायी नाही, आणि निर्णय मात्र जागा बघूनच होतात, याची मला खरोखर काळजी वाटते.

1988 साली बर्कलीत डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी ‘रेड’ची कल्पना मांडली, तेव्हा प्रश्न नेमका उलटा होता. एका बाजूला आयबीएमची अवजड, महागडी 3380, तर दुसऱ्या बाजूला छोट्या संगणकांसाठी बनलेल्या 100 एमबीच्या कॉनर डिस्कचा ताफा. लहान, स्वस्त डिस्क पुष्कळ जोडल्या तर त्या मोठीला मागे टाकतात, असं त्यांचं म्हणणं. पुढची वीसेक वर्षं सर्व्हर त्याच वाटेने गेले.

2000 साली सीगेटने मिनिटाला 15,000 फेरे घेणारी चीता एक्स15 आणली. क्षमता 18 जीबी. पुढच्या पिढ्यांत ती 73 जीबीवर गेली, फेरे तेवढेच राहिले. तिचं हेड हव्या त्या मार्गिकेवर सरासरी 3.9 मिलिसेकंदांत पोचायचं. हवा तो भाग हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे आणखी 2 मिलिसेकंद. सेकंदाला सुमारे 170 मागण्या झाल्या. आजची मोठी डिस्क फिरते 7,200 फेऱ्यांनी: अर्ध्या फेऱ्याला 4.17 मिलिसेकंद, हेडच्या हालचालीला आठ-साडेआठ. सेकंदाला जेमतेम 80 मागण्या. विखुरलेल्या नोंदी वाचण्यात चौदा चीतांची बरोबरी करायला अशा तीस डिस्क लागतील! पंगतीत पातेलं कितीही मोठं असो, पानं भरतात ती वाढप्यांच्या संख्येवर. 18 जीबीच्या चीताकडे दर टीबीमागे नऊ हजारांवर मागण्यांची ताकद होती. 20 टीबीच्या डिस्ककडे फक्त 4.

सलग वाचनात मात्र पारडं फिरतं. तबकडीवर माहिती दाट झाली की एका फेऱ्यात जास्त माहिती हेडखालून जाते, म्हणून आजची डिस्क सेकंदाला 250 एमबीच्या आसपास देते. जुन्या चौदा डिस्क एकाच अल्ट्रा320 स्कझी केबलवर असतील, तर सगळ्यांना मिळून 320 एमबीच्या पुढे जाताच येत नसे. व्हिडिओ, बॅकअप, कॅमेऱ्यांचं चित्रण यांना दोन नव्या डिस्क खुशाल पुरतात. डेटाबेसला, आणि एकाच यंत्रावर दहा-वीस आभासी सर्व्हर चालवणाऱ्यांना, त्या पुरत नाहीत. मोठ्या डिस्कचा बाहेरचा थोडाच पट्टा वापरून हेडची धाव कमी करता येते. पण अर्धा फेरा काही टळत नाही.

मग तीस डिस्क घ्यायच्या? नाही, एसएसडी घ्यायची. इंटेलची 2008 ची एक्स25-ई सेकंदाला 35,000 विखुरलेली वाचनं आणि 3,300 लेखनं करायची. चौदा चीता जोडीजोडीने आरशासारख्या लावल्या तर लेखनं बाराशेच्या आत. म्हणजे तेव्हाच एक एसएसडी त्यांना भारी होती. आज दोन घेतल्या तर त्यातली एक केवळ सुरक्षिततेसाठी.

इथेही एक खाच आहे. जुन्या कंट्रोलरवर बॅटरीच्या आधाराची कॅश असे. लिहिलेलं तिथे पोचलं की डेटाबेसला ‘झालं’ म्हणून उत्तर मिळे, आणि जुन्या वेगाचं बरंच श्रेय तिचं होतं. घरगुती एसएसडीत वीज गेल्यावर हातातलं लेखन पुरं करणारे कपॅसिटर बहुधा नसतात. डेटाबेस प्रत्येक नोंद पक्की करायला लावतो तेव्हा अशी एसएसडी जाहिरातीतल्या वेगाच्या जवळपासही येत नाही. सर्व्हरसाठी बनलेलीच एसएसडी घ्यावी, हा आग्रह मी सोडणार नाही.

फिरत्या डिस्कच घ्यायच्या असतील तर दुरुस्तीचा काळही मोजा. 73 जीबीच्या डिस्कची प्रत सेकंदाला 60 एमबीने वीस मिनिटांत होते. 20 टीबीला 250 एमबीनेही बावीस तास लागतात, तेही सर्व्हर दुसरं काही करत नसेल तर. तेवढा वेळ दोघींच्या जोडीतली उरलेली डिस्क एकटी असते.

जुना सर्व्हर चालू आहे तोवर त्यावर ‘आयओस्टॅट’ लावून ठेवा आणि महिनाअखेरचे दिवस त्यात येऊ द्या. सेकंदाला वाचनं किती, लेखनं किती आणि मागणी किती वेळ ताटकळते, हे तीन आकडे कागदावर असल्याशिवाय पुरवठादाराला फोन करू नका.